मुंबई–पुणे, व्हाया चेकलिस्ट

मुंबई ते पुणे विमानाने सरळ रेषेत साधारण 67 नॉटिकल मैल. संगणकावरच्या फ्लाइट सिम्युलेटरमधल्या, आमच्या भाषेत सिममधल्या, ए320 विमानाला एवढं अंतर कापायला अर्धा तास खूप झाला. डेक्कन क्वीनला सव्वातीन तासांच्या आसपास लागतात. तरीही ती सीएसएमटीहून सुटताना कोणी घरी संगणकाचं बटण दाबलं, तर मी पैज गाडीवर लावीन.

इंजिनं धडधडत असलेलं विमान थेट धावपट्टीवर उभं करून द्यायची सोय बहुतेक सिममध्ये असते. ती वापरणं म्हणजे सोवळ्यात चप्पल घालून वावरणं. आमच्या पंथाला विमान गेटवर, काळोखात, बॅटरीसकट बंद लागतं. आणि पंथ जुना आहे. मायक्रोसॉफ्टचा फ्लाइट सिम्युलेटर 1982 सालचा. त्याच्या जुन्या आवृत्त्यांत उड्डाण सुरू व्हायचं ते शिकागोच्या मेग्ज फील्डवरून. 2003च्या मार्चमध्ये तिथल्या महापौरांनी रातोरात बुलडोझर पाठवून ती धावपट्टी उखडली. शिकागोच्या वाटेलाही न गेलेली पन्नाशीतली माणसं त्या विमानतळाचं नाव निघालं की अजून हळहळतात.

विमानापर्यंत पोचण्याआधी अपडेट. 2020च्या आवृत्तीने डिस्कवर 150 जीबी जागा मागितली होती. युरोपात ती खोक्यातूनही विकली गेली, दहा डीव्हीडींत. नवं अपडेट आठवडाभर येऊन बसलेलं असतं, पण दिसतं शनिवारी संध्याकाळी, कारण सिम उघडतं तेव्हाच. ते उतरलं की कालपर्यंत नीट चाललेलं विमान काळे पडदे दाखवतं. अशा वेळी ग्राफिक्स कार्डाला शिव्या देऊ नयेत. कम्युनिटी फोल्डरमधलं, म्हणजे ऍड-ऑन नावाची बाहेरून आणलेली विमानं-विमानतळं जिथे ठेवतात तिथलं, सगळं उचलून दुसरीकडे ठेवायचं आणि सिम कोरं सुरू करून बघायचं. चाललं, तर अर्धे ऍड-ऑन परत टाकायचे. मग उरलेल्यातले अर्धे. चोर सापडतोच, आणि बहुधा तो गेल्या वर्षी फुकट मिळालेला एखादा विमानतळ असतो.

पुढचं संकट जॉयस्टिकचं. हात काढला तरी नाक डावीकडे ओढलं जातं. नवखा म्हणतो, आडवा वारा आहे. वारा कसला! स्वस्त जॉयस्टिकमध्ये दांडा किती कलला ते मोजायला कार्बनच्या पट्टीवर घासणारे पोटेन्शिओमीटर असतात. पट्टीवर धूळ आणि झीज साचली की आकडे उड्या मारतात. दांडा पिळून रडर, म्हणजे शेपटीवरचं सुकाणू, फिरवायची सोय असेल, तर तो पोटेन्शिओमीटर सहसा आधी जातो. विंडोजच्या कॅलिब्रेशनच्या खिडकीत दांड्याला हात न लावता बघत राहायचं. फुलीचं चिन्ह थरथरत असेल, तर कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक छोटा फवारा, दांडा पंधरा-वीस वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि दहा मिनिटं वाळू द्यायचं. कडीकोयंड्याला मारतात तो गंजनाशक तेलाचा फवारा नको. त्यावर धूळ आणखी चिकटते. तोवर सिममध्ये तीन ते पाच टक्के डेडझोन, म्हणजे दांड्याची तेवढी हालचाल सिमने मनावर घ्यायची नाही. चुंबकावर चालणारे हॉल सेन्सर ही कटकट देत नाहीत, पण त्यांची किंमत घरात मोठ्याने सांगायची नसते.

नवं उपकरण जोडलं की सिम परस्पर त्यालाही थ्रॉटलचा, म्हणजे इंजिनाचा जोर कमी-जास्त करायचा, अक्ष देऊन मोकळं होतं. मग एकाच इंजिनाला दोन मालक. टेबलाला धक्का लागतो, दुसरा दांडा जागा होतो आणि ऐन चढाईत इंजिनं आयडलवर, म्हणजे अगदी कमी जोरावर. एका अक्षाला एकच मालक ठेवावा, बाकीच्या नोंदी पुसाव्यात. विंडोजला वीज वाचवायची हौस असते, म्हणून डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन यूएसबी बंद करायची परवानगीही काढून घ्यावी.

आता कॉकपिट. बॅटरी 1, बॅटरी 2, व्होल्टेज 25.5च्या वर हवं. बाहेरची वीज. एडीआयआरएस या जागा-दिशा ओळखणाऱ्या यंत्रणेचे तिन्ही खटके नॅव्हवर, की आपण नेमके कुठे उभे आहोत हे विमान सात ते दहा मिनिटं शोधत बसतं. तेवढा वेळ विमान हलता कामा नये. नवखा माणूस खुर्चीतसुद्धा अंग चोरून बसतो. ऍड-ऑनमध्ये हे क्षणात उरकायचा पर्याय असतो. तो वापरणारे तसं सांगत नाहीत.

दरम्यान सिमब्रीफ या संकेतस्थळावर केलेला उड्डाणाचा आराखडा एमसीडीयूत, म्हणजे कॉकपिटमधल्या छोट्या संगणकात, उतरवायचा. नेव्हिगेशनचा डेटा दर 28 दिवसांनी बदलतो. आराखडा एका आवृत्तीचा आणि विमान दुसऱ्या, असं झालं की विमान एखाद्या बिंदूची ओळखच दाखवत नाही. मार्गाच्या मध्ये डिसकंटिन्युइटी, म्हणजे तुटलेला दुवा, दिसली तर क्लियर करून टाकावी. राहिली, तर त्या जागेपासून विमान सज्जन माणसासारखं नाकासमोर जातं, आणि मुंबईहून पुण्याच्या दिशेने नाकासमोर गेलं की सोलापूर येतं.

उड्डाण हा यातला सगळ्यात छोटा भाग. 13,000 फुटांवर जायचं ठरवलं तर चढण्यात वीस-पंचवीस मैल जातात. उतरताना हजार फुटांना तीन मैल धरायचे. पुण्याचा लोहगाव विमानतळ समुद्रसपाटीपासून 1,942 फुटांवर, म्हणजे अकरा हजार फूट उतरायला तेहतीस मैल. वर राहायला उरतात दहाएक. तेवढ्यात चहा थंडही होत नाही. मुंबईच्या सवयीने 2,000 फुटांवर येऊन निवांत बसणाऱ्याला लोहगावात जमीन साठेक फुटांवर असते. पावसाळ्यात त्यात हवेच्या दाबाची भर. क्यूएनएच, म्हणजे समुद्रसपाटीला धरून तिथला हवेचा दाब, 1004 आणि उंची दाखवणारा अल्टिमीटर 1013वरच राहिला, तर विमान प्रत्यक्षात अडीचशे फूट खाली. मायक्रोसॉफ्टच्या सिममध्ये बी कळ दाबली की दाब जुळतो. लाजायचं काही कारण नाही.

इतरांबरोबर ऑनलाइन उडायचं तर व्हॅटसिम हे जाळं. 2001पासून चालू, विमानांना परवानग्या देणारे एटीसी कंट्रोलरही आपल्यासारखेच हौशी. कंट्रोलर नसेल तर 122.800 या रेडिओ फ्रिक्वेन्सीवर आपण काय करतोय ते जाहीर करायचं, कोणी ऐको न ऐको. कंट्रोलर असेल तर पंचाईत वेगळी, कारण परवानगीशिवाय पॉझ करता येत नाही.

“अरे, पोळ्या गार होतायत!”

“आई, पाच मिनिटं! एटीसी बोलतोय.”

“मग त्यालाही बोलव जेवायला.”

वीस फुटांच्या सुमारास विमान ‘रिटार्ड, रिटार्ड’ म्हणतं, म्हणजे थ्रॉटल मागे घ्या. मग चाकं खाली येताना कितीच्या वेगाने टेकली यावरून स्क्रीनशॉट निघतात. मिनिटाला 60 फुटांचं लोणी लँडिंग मिरवणारे धावपट्टीचा किती भाग वरून तरंगत ओलांडला ते सांगत नाहीत. लोहगावची धावपट्टी 2,535 मीटर. माझं मत विचाराल तर टचडाउन झोनमध्ये, म्हणजे धावपट्टीवर टेकायच्या ठरलेल्या पट्ट्यात, 200 फुटांनी खणखणीत टेकवलेलं विमान त्या लोण्यापेक्षा केव्हाही बरं.

गेटवर इंजिनं बंद करण्याआधी त्यांना थंड व्हायला तीन मिनिटं द्यायची. कुठल्या इंजिनांना, हा घरच्यांचा प्रश्न रास्त आहे; द्यायची तरीही. मग एपीयू हे वीज पुरवणारं छोटं इंजिन, मग बॅटऱ्या. विमान आता पुण्यात उभं आहे, म्हणजे पुढचं उड्डाण पुण्याहूनच. मेनूत जाऊन ते परत मुंबईला ठेवता येतं, पण तसं केलेलं आमच्यात कोणी कबूल करत नाही.