हेडमास्तरांना लिहिलेलं ते पत्र लिंकनचं नाही

५ सप्टेंबर जवळ आला की व्हॉट्सअॅपवर ‘अब्राहम लिंकनचं हेडमास्तरांस पत्र’ फिरू लागतं. शाळांच्या व्हरांड्यात ते फ्रेम करून लावलेलं असतं, स्नेहसंमेलनात त्याचं वाचन होतं, निरोप समारंभात दहावीच्या मुलांच्या हाती त्याची प्रत दिली जाते. जगात सगळेच न्यायी नसतात हे माझ्या मुलाला शिकवा, घामाच्या पैशाची किंमत शिकवा, हार पचवायला शिकवा, पुस्तकांबरोबर पाखरं नि फुलं बघायलाही सवड द्या, असा त्याचा आशय. सोबतचे दावेही ठरलेले: राष्ट्राध्यक्ष लिंकननं मुलाच्या शाळेच्या पहिल्या दिवशी हे लिहिलं, मूळ पत्र अमेरिकेत जपून ठेवलंय, आणि बाप म्हणून लिंकन कसा होता हे यातून कळतं.

लिंकननं हे पत्र लिहिलेलं नाही. त्याची खरी पत्रं मला मनापासून आवडतात आणि त्यांच्यावर अन्याय होतोय असं वाटतं, म्हणून हे दावे एकेक करून तपासतो.

‘मूळ पत्र अमेरिकेत जपलेलं आहे.’ कुठे, कोणाकडे, हे कुठल्याच फॉरवर्डमध्ये नसतं. लिंकनचे कागद कुठे आहेत हे मात्र नीट ठाऊक आहे. थोरला मुलगा रॉबर्ट यानं ते वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसला दिले आणि आपल्या मृत्यूनंतर २१ वर्षं ते खुले करायचे नाहीत अशी अट घातली. रॉबर्ट १९२६ मध्ये वारला आणि २६ जुलै १९४७ ला कागद खुले झाले. १९५३ मध्ये रॉय बास्लर यांच्या संपादनाखाली लिंकनचं समग्र लेखन आठ खंडांत प्रसिद्ध झालं. संपादकांनी दोन ओळींच्या ताराही सोडल्या नाहीत. त्यात हेडमास्तरांना लिहिलेलं पत्र नाही, नंतरच्या पुरवण्यांतही नाही.

यावर कुणी म्हणेल, लिंकनची नवी पत्रं अजूनही सापडतात. सापडतात, खरंच. पण ती सापडतात तेव्हा कागद असतो, हस्ताक्षर असतं, वर गाव आणि तारीख असते, खाली ‘ए. लिंकन’ अशी सही असते आणि पत्र मिळालेल्या माणसाचा ठावठिकाणा असतो. आपल्या पत्राला ना तारीख, ना गाव. ज्या हेडमास्तरांना ते लिहिलं त्यांचं नावही नाही.

‘राष्ट्राध्यक्ष लिंकननं मुलाला शाळेत घालताना लिहिलं.’ इथे मुलांची वयं मांडली की पुरे. लिंकनला चार मुलगे. रॉबर्टचा जन्म १८४३ चा, एडीचा १८४६ चा, विलीचा १८५० चा, टॅडचा १८५३ चा. एडी चार वर्षांचा होण्याआधीच, १ फेब्रुवारी १८५० ला गेला. ४ मार्च १८६१ ला लिंकननं राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतली तेव्हा रॉबर्ट १७ वर्षांचा होता आणि हार्वर्डमध्ये शिकत होता. उरले विली आणि टॅड. व्हाइट हाउसमध्ये त्यांना शिकवायला घरीच शिक्षक येत, अलेक्झांडर विल्यमसन नावाचे. २० फेब्रुवारी १८६२ ला विलीही गेला. टॅडच्या बोलण्यात दोष होता, अभ्यासात त्याचं लक्ष लागत नसे, आणि वडिलांनी त्याच्यावर सक्ती केली नाही. १८६५ मध्ये लिंकनची हत्या झाली तेव्हा बारा वर्षांच्या टॅडला धड वाचताही येत नव्हतं. त्याचं शाळेत जाणं सुरू झालं ते त्यानंतर. म्हणजे लिंकन राष्ट्राध्यक्ष असताना त्याच्या घरून शाळेच्या पहिल्या दिवसाला निघालेलं मूल नव्हतंच.

‘मग आधी लिहिलं असेल, रॉबर्टसाठी.’ रॉबर्ट लहान असताना लिंकन स्प्रिंगफिल्डमधला वकील होता. दहा हजारांच्या आतल्या वस्तीचं गाव ते. शिक्षकांना काही सांगायचंच तर भेटून सांगता आलं असतं. शिवाय रॉबर्टनंच पुढे लिहून ठेवलंय की त्याच्या लहानपणी वडील कोर्टाच्या फिरतीवर नाहीतर राजकीय भाषणांसाठी जवळजवळ कायम घराबाहेर असत. रॉबर्ट दूरच्या शाळेत गेला तो १८५९ मध्ये. हार्वर्डच्या प्रवेश परीक्षेत १६ पैकी १५ विषयांत नापास झाला, म्हणून तयारीसाठी न्यू हॅम्पशरमधल्या फिलिप्स एक्झिटर अकॅडमीत वर्षभर राहिला. तेव्हा तो १६ वर्षांचा होता. पाखरं आणि फुलं दाखवा असं सांगावं, अशा वयाचं ते पोर नव्हतं.

‘लिंकनचा स्वभाव, लिंकनची शैली आहे ही.’ हा दावा मला सगळ्यांत जास्त खटकतो, कारण मुलांविषयी लिंकननं खरोखर काय लिहिलं ते आपल्यासमोर आहे. २२ ऑक्टोबर १८४६ ला मित्र जोशुआ स्पीडला तो कळवतो की बॉब (म्हणजे रॉबर्ट) बुटका आहे आणि बहुधा तसाच राहणार. हुशार आहे, पण पाचव्या वर्षी जितकी हुशार तितकी पुढे कधीच नसतात अशा लवकर पिकणाऱ्या पोरांतला तर नाही ना, अशी कधीकधी भीती वाटते. पत्र लिहिता लिहिता निरोप येतो की बॉब हरवला. लिंकन घरी धावतो तर आईला तो सापडलेला असतो, मारही मिळालेला असतो. आणि लिंकन पुढे लिहितो, एव्हाना तो पुन्हा पळालाही असेल. जुलै १८६० मध्ये डॉ. अॅन्सन हेन्री यांना लिहिताना रॉबर्टविषयी एवढंच: आम्ही त्याला फारसा धाक कधी लावला नाही, ते पाहता पोरगं बरं निघेल असं दिसतंय. आणि ९ जून १८६३ ला, यादवी युद्ध ऐन भरात असताना, फिलाडेल्फियाला गेलेल्या बायकोला तार केली: टॅडचं पिस्तूल दूर ठेवून दे, त्याच्याविषयी एक वाईट स्वप्न पडलं.

ही लिंकनची भाषा. छोटी, नेमकी, घरगुती, चेष्टा आणि काळजी एकाच वाक्यात घेऊन येणारी. उपदेशाची माळ लावणारा बाप तो नव्हताच. रविवारी मुलं ऑफिसात आली की कागद विस्कटत, शाई सांडत, आणि लिंकन काहीच बोलत नसे, म्हणून त्याचा वकिलीतला भागीदार हर्नडन वैतागून जाई. स्वतः लिंकनची शाळा सगळी मिळून वर्षभराचीही नव्हती, हे त्यानंच १८६० मध्ये लिहिलंय.

‘इतकी वर्षं छापलं जातंय, खोटं कसं असेल?’ छापून आल्यानं पत्र खरं ठरत नाही, आणि अमेरिकेनं हे आपल्या जन्माच्या वेळीच पाहिलंय. १७७७ मध्ये लंडनमध्ये जॉर्ज वॉशिंग्टनच्या खासगी पत्रांची पुस्तिका निघाली. आदल्या वर्षी फोर्ट ली हा किल्ला ब्रिटिशांच्या हाती पडला तेव्हा वॉशिंग्टनचा गुलाम सेवक बिली पकडला गेला आणि त्याच्याजवळच्या सामानात ही पत्रं मिळाली, अशी कहाणी सोबत जोडलेली. त्या पत्रांतला वॉशिंग्टन स्वातंत्र्याबद्दल साशंक आहे, राजाविषयी हळवा आहे. सगळा मजकूर बनावट होता. तरी न्यूयॉर्कमध्ये तो पुन्हा छापला गेला, आणि वॉशिंग्टन राष्ट्राध्यक्ष असताना विरोधकांनी वीस वर्षांपूर्वीचं ते बाड पुन्हा बाजारात आणलं. वॉशिंग्टन पदावर असेतो गप्प राहिला. ३ मार्च १७९७ ला, पद सोडायच्या आदल्या दिवशी, त्यानं परराष्ट्रमंत्री टिमथी पिकरिंगला पत्र लिहून ही बनवाबनवी आहे असं नोंदवलं. बिली शत्रूच्या हाती क्षणभरही सापडला नव्हता आणि युद्धभर आपलं सामानही कधी पकडलं गेलं नाही, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. वॉशिंग्टनला निदान हे लिहिता आलं. लिंकनच्या नावावर काही खपवलं, तर त्याच्या वतीनं कागदच बोलणार, आणि ते आपण वाचायला हवेत.

शेवटचा दावा मी सगळ्यांत जास्त वेळा ऐकतो, आणि तो चांगल्या मनाचे शिक्षक करतात, म्हणून त्याला सविस्तर उत्तर देतो. ‘कुणीही लिहिलेलं असो, विचार तर चांगले आहेत ना?’

चांगले आहेत. मग ते चांगले विचार म्हणून वाचा, लिंकनचं नाव कशाला? नाव लावलं की दोन गोष्टी घडतात. एक, मुलांना आपण इतिहास म्हणून खोटी गोष्ट शिकवतो, तीही सत्यनिष्ठा शिकवणाऱ्या मजकुरातून. दुसरं, त्याच विषयांवर लिंकननं जे खरोखर लिहिलं ते झाकलं जातं. आणि ते कितीतरी सरस आहे.

घामाच्या पैशाचंच बघा. साधारण १८४८ च्या अखेरीस सावत्र भाऊ जॉन जॉन्स्टननं ८० डॉलर उसने मागितले. लिंकननं नकार दिला. त्यानं लिहिलं, तू आळशी नाहीस, तरी रिकामटेकडा आहेस. मी तुला शेवटचं पाहिलं तेव्हापासून एका तरी दिवशी तू पूर्ण दिवसाचं काम केलं असशील का, शंका आहे. पण नकारावर तो थांबला नाही. येत्या १ मेपर्यंत तू कष्टानं मिळवशील त्या प्रत्येक डॉलरमागे माझा एक डॉलर देतो, असं त्यानं कबूल केलं, आणि त्यासाठी कॅलिफोर्नियाच्या सोन्याच्या खाणींकडे जायचं नाही, घराजवळच काम करायचं, अशी अटही घातली. ७०-८० डॉलरसाठी स्वर्गातली जागाही देऊन टाकीन असं जॉन्स्टन म्हणाला होता. त्यावर, स्वर्गातली जागा तू फारच स्वस्त ठेवलीस, असं लिंकनचं उत्तर. सुविचार नाही हा, हिशेब आहे, आणि त्यात भावाविषयीची तळमळ आहे.

हार पचवण्याचंही असंच. २२ जुलै १८६० ला, राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी मिळालेली असताना, लिंकननं रॉबर्टचा मित्र जॉर्ज लॅथम याला पत्र लिहिलं. लॅथमला हार्वर्डचा प्रवेश मिळाला नव्हता. हे कळल्यावर झालं तेवढं दुःख मला आयुष्यात क्वचितच झालं, असं लिंकन सांगतो. मनाला निराशा शिवू देऊ नकोस. यशस्वी व्हायचंच असा निर्धार केलास तर तू अपयशी होऊ शकणार नाहीस, हे पोक्त वयाच्या आणि बरंच सोसलेल्या माणसाचं आश्वासन आहे, असं म्हणतो. संस्थेचे अध्यक्ष दयाळूच असणार, ते तुला भेटायला वेळ देतील, अडचण दूर करायचा सोपा मार्ग सांगतील, असंही सुचवतो. म्हणजे संस्थाप्रमुखांचा उल्लेख लिंकनच्या खऱ्या पत्रात आहे, पण तो स्वतः त्यांना गळ घालत नाही. मुलालाच जाऊन भेटायला सांगतो.

आणि सचोटी? १९ जानेवारी १८६५ ला लिंकननं आपला सरसेनापती जनरल ग्रँट याला लिहिलं की मी राष्ट्राध्यक्ष नसून फक्त मित्र आहे असं समजून हे पत्र वाच. हार्वर्डमधून पदवी घेतलेल्या माझ्या मुलाला युद्ध संपण्याआधी ते जवळून पाहायचंय. त्याला साध्या शिपायांत घालावं असं वाटत नाही, पण दीर्घ सेवा केलेल्यांचा ज्यावर जास्त हक्क आहे असं अधिकारपदही त्याला द्यायचं नाही. नाममात्र हुद्द्यावर तुझ्याकडे घेता येईल का? त्याचा खर्च मी करीन, सरकारनं नाही. जमत नसेल तर बिनदिक्कत नाही म्हण. हजारो घरांतली मुलं रणात मरत असताना बापाची माया आणि पदाची लाज यांत सापडलेला माणूस या पत्रात उघडा दिसतो. ग्रँटनं २१ जानेवारीला होकार कळवला. रॉबर्ट कॅप्टन म्हणून त्याच्याकडे रुजू झाला आणि ९ एप्रिलला अॅपोमॅटॉक्सला दक्षिणेच्या बंडखोर सैन्याचा सेनापती जनरल ली यानं शरणागती पत्करली तेव्हा तो तिथे होता.

ही तिन्ही पत्रं आठवी-नववीच्या मुलांना समजतील एवढी सोपी आहेत आणि पान-दीड पानात मावतात. व्हरांड्यातल्या त्या फ्रेमबद्दल म्हणाल तर ती काढू नका. मराठीत तो मजकूर वसंत बापटांच्या रूपांतरातून ओळखला जातो, आणि त्या ओळींची लय, त्यातली शब्दकळा बापटांची आहे. खालचं लिंकनचं नाव पुसून तिथे त्यांचं लिहा, आणि शेजारी लॅथमला लिहिलेलं पत्र लावा, त्याच्या तारखेसकट.