ग्रीसला जायचं ठरलंय, पण कुठे ते ठरवलं कुणी?

दुपारपासून डोकं तापलंय म्हणून लिहायला बसलेय. लांबलचक होणार आहे, ज्यांना वेळ नाही त्यांनी पुढे सरका.

येत्या मे महिन्यात आईबाबांच्या लग्नाला 50 वर्षं होतायत आणि आम्ही भावंडं, सुना-जावई, नातवंडं असे सगळे मिळून त्यांना ग्रीसला नेतोय. हे ठरलं तेव्हा मला किती आनंद झाला होता काय सांगू. बाबांनी आयुष्यभर तळेगावच्या शाळेत इतिहास शिकवला, आणि घरी रात्रीच्या जेवणाला आम्हाला ग्रीक पुराणकथांतला राजा अॅगामेम्नॉन, योद्धा अकिलीस, ट्रॉय शहराचा वेढा हे सगळं भाजी-पोळीबरोबर मिळायचं. तर आज दुपारी दादाने फॅमिली ग्रुपवर एका टूरवाल्यांची पीडीएफ टाकली. अथेन्स एक रात्र, मायकोनॉस बेटावर दोन, सँटोरिनी बेटावर तीन, परत अथेन्स आणि विमान. खाली पोल. अर्ध्या तासात सगळ्यांची मतं पडलीसुद्धा, वहिनीचे हार्ट, भाच्यांनी टाकलेले निळ्या घुमटांचे फोटो, आणि बाबांनी पण त्याच पर्यायाला मत दिलं आणि खाली लिहिलं, "तुम्ही मुलं ठरवाल ते छानच असेल."

अहो, ज्या माणसाने चाळीस-चाळीस पोरांना कार्ल्याच्या लेण्यात नेऊन, हे बघा या खांबाचं दान एका यवनाने, म्हणजे ग्रीक माणसाने दिलंय, त्याचा लेख आहे इथे, असं हात लावून लावून दाखवलं, त्या माणसाला तुम्ही ग्रीसला नेणार आणि मायसीनी, म्हणजे त्या अॅगामेम्नॉनची राजधानी, दाखवणार नाही? डेल्फीचं देवस्थान नाही, एपिडाव्रोसचं नाट्यगृह नाही, काहीच नाही? मी लगेच दादाला फोन केला. तर म्हणतो, "अगं ग्रीसला जाऊन सँटोरिनी नाही केलं तर लोक काय म्हणतील?"

लोक! लोकांना आपण तिकीट काढून देतोय का?

मी सँटोरिनीला जाऊन आलेय, उगाच घरबसल्या बोलत नाहीये. आणि तिथलं मला काय आठवतं तर सूर्यास्त नाही, एक आजी आठवतात. इया गावात, तेच ते निळ्या घुमटांचं गाव, संध्याकाळी सगळे सूर्यास्त बघायला जमतात, आणि जमतात म्हणजे काय तर त्या अरुंद गल्लीत पाऊल ठेवायला जागा नसते, कठड्यांवर, पायऱ्यांवर, लोकांच्या गच्च्यांवर माणसं. आम्ही तासभर आधी जाऊन उभे होतो. आणि मागून एक म्हातारी बाई आली, काळे कपडे, दोन्ही हातात पिशव्या, एकीतून टोमॅटो दिसत होते आणि लांबडा पाव बाहेर आलेला. तिला पुढे जायचं होतं. चार-पाच घरं सोडून तिचं दार होतं, ती हनुवटीने दाखवत होती, "माय हाऊस, माय हाऊस." कुणी हलेना. आणि आमच्याच टूरमधली एक बाई, चांगल्या घरातली, शिकलेली, मराठीत म्हणाली, "अगं त्या आजींना जरा तिथेच थांबायला सांग ना, फ्रेममध्ये येतायत."

त्या आजी थांबल्या. पिशव्या खाली ठेवल्या आणि भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. सूर्य गेला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मग वाट झाली आणि त्या घरी गेल्या.

म्हणजे स्वतःच्या गावात, स्वतःच्या घरी जायला त्या बाईला सूर्य मावळायची वाट बघायला लागली. माझ्या आईच्या वयाच्या होत्या हो. मला ते डोक्यातून जातच नाही.

आणि हे काही एखाद्या दिवशीचं नाही. 2024 च्या जुलैमध्ये तिथल्या गावकारभाऱ्यांनी फेसबुकवर पोस्ट टाकली होती, की आज क्रूझमधून 17,000 लोक उतरणार आहेत तर रहिवाशांनी शक्यतो फिरणं कमी करा. रहिवाशांनी! पाहुण्यांनी नाही! बेटाची वस्ती सगळी मिळून पंधरा-सोळा हजार. लोक भडकले, पोस्ट काढून टाकली, पण मनात काय आहे ते कळलंच की. मी ती बातमी वाचली तेव्हा मला त्या पिशव्याच दिसल्या. आता क्रूझवाल्यांना दिवसाला 8,000 ची मर्यादा घातलीये आणि 2025 पासून भर सीझनला क्रूझने येणाऱ्याकडून माणशी 20 युरो घेतात. घेऊ देत, चांगलं आहे, पण इयाच्या गल्ल्या काही रुंद होत नाहीत.

बरं, सँटोरिनी सुंदर आहे का? आहे. मान्य. तो कडा, खाली समुद्राने भरलेलं ज्वालामुखीचं तोंड, असं दुसरीकडे बघायला मिळत नाही. आणि अक्रोतिरी तर बघावंच असं आहे, साडेतीन हजार वर्षांपूर्वी त्याच ज्वालामुखीच्या राखेत गाडलेलं अख्खं गाव, दोन-दोन मजली घरं, रांजण जागच्या जागी, 1967 पासून खणतायत. बाबा तिथे दिवसभर रमतील. पण त्या पीडीएफमध्ये अक्रोतिरी आहे का? नाही! "लीझर टाइम अँड शॉपिंग" आहे. कॅटमरान क्रूझ आहे. सँटोरिनीतला इतिहास वगळून सँटोरिनी करणार.

मायकोनॉसचं तेच. मायकोनॉसला जाण्याचं एकमेव कारण माझ्या मते डेलोस हे शेजारचं छोटं बेट, बोटीने अर्ध्या तासावर. ग्रीकांचा देव अपोलो, त्याचा जन्म तिथला मानतात, आणि एके काळी इतकं पवित्र की तिथे कुणी जन्मायचं नाही आणि कुणी मरायचं नाही असा नियम केला होता, दिवस भरलेल्या बायकांना शेजारच्या बेटावर न्यायचे. आज सगळं बेट म्हणजे अवशेष, राहायला परवानगी नाही, संध्याकाळच्या आत परत यायचं. पीडीएफमध्ये डेलोस? नाही. "बीच क्लब." पंच्याहत्तरीच्या आईबाबांना बीच क्लब.

आणि आईचे गुडघे! हे कुणाच्याच डोक्यात कसं आलं नाही? त्या कड्यावरच्या हॉटेलांना सगळ्या पायऱ्याच पायऱ्या असतात, रिसेप्शन वर आणि खोली खाली, नाश्त्याला वर चढा, खोलीत जायला खाली उतरा. आई तीन दिवस बाल्कनीत बसून राहील आणि म्हणेल, "तुम्ही जाऊन या, मला इथूनच छान दिसतंय." ती हेच म्हणणार, मी लिहून देते. आमच्या आईबाबांची पिढी अशीच आहे, भिंतीला टेकून उभी राहील पण मला जाऊ द्या असं ओरडून सांगणार नाही. आणि आपण त्यालाच होकार समजायचं?

आता माझं म्हणणं काय ते पण सांगते, नाहीतर वहिनी म्हणेल नुसती नावं ठेवते.

अथेन्सला एक रात्र हा अपमान आहे. अॅक्रोपोलिसला, म्हणजे टेकडीवरच्या जुन्या देवळांना, आता वेळ ठरवून तिकीट काढायला लागतं, तर सकाळी पहिल्या वेळेला जायचं, ऊन चढायच्या आत खाली यायचं, दुपारी अॅक्रोपोलिस म्युझियमच्या गारव्यात. दुसऱ्या दिवशी नॅशनल आर्किऑलॉजिकल म्युझियम, कारण तिथे तो सोन्याचा मुखवटा आहे, उत्खनन करणाऱ्या श्लीमनला 1876 मध्ये मायसीनीला सापडलेला, ज्याला अॅगामेम्नॉनचा मुखवटा म्हणतात. तो त्या राजाच्या काळाच्याही बऱ्याच आधीचा आहे हे आम्हाला बाबांनीच सांगितलं होतं, आमटी वाढून घेता घेता. त्या मुखवट्यासमोर बाबांना उभं केलेलं मला बघायचंय. बास, मला ट्रिपमधून एवढंच हवंय, बाकी तुम्ही मला कुठेही न्या.

मग बसने नाहीतर गाडी करून नाफ्प्लिओ या समुद्रकाठच्या गावी. दोन-अडीच तास, वाटेत कॉरिंथचा कालवा लागतो, 1893 मध्ये खुला झालेला, वरून बघितलं की पोटात गोळा येतो. नाफ्प्लिओ ही स्वतंत्र ग्रीसची अथेन्सच्या आधीची राजधानी, 1834 मध्ये अथेन्सला हलवली. समुद्राकाठी संगमरवरी फरशीचा चौक आहे, सपाट, आई हवं तेवढं चालेल, बसायला जागोजागी कॉफीची दुकानं. पहिला राज्यप्रमुख कापोदिस्त्रियास याला 1831 मध्ये तिथल्या चर्चच्या दाराशी मारलं, ती गोळीची खूण काच लावून जपलीये. वर पालामिदीचा किल्ला, 999 पायऱ्या असं सांगतात, आम्ही सह्याद्रीतली माणसं, भाचे धावत जातील, आणि आईबाबांना मागच्या रस्त्याने गाडी थेट वर नेते.

आणि तिथून मायसीनी अर्ध्या तासावर, एपिडाव्रोसही साधारण तेवढंच. एपिडाव्रोसचं दगडी नाट्यगृह, इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातलं, बारा-चौदा हजार माणसं बसतील एवढं, मधल्या गोल जागेत उभं राहून साधं बोललं तरी पार वरच्या रांगेला ऐकू येतं. उन्हाळ्यात आजही तिथे नाटकं होतात, मेमध्ये नसतात, असू दे. बाबांना त्या मधल्या जागेत उभं करायचं आणि आपण सगळ्यांनी वर जाऊन बसायचं. चाळीस वर्षं त्यांनी शाळेच्या पंख्यांच्या घरघरीवर आवाज चढवून शिकवलं. इथे आवाज चढवायला लागणार नाही.

हे लिहिताना रडू येतंय मला, जरा थांबते.

हां. तर समुद्र. वहिनी म्हणते मुलांना बेट हवंय, बरोबर आहे तिचं, मुलांनी नुसते दगड का बघावेत. मग एकच बेट घ्या ना! रोज बॅगा भरा, बंदरावर उन्हात उभं राहा, बोटीला उशीर, हे म्हाताऱ्या माणसांना घेऊन कशाला? नाक्सोस बेटाला चला. अथेन्सजवळच्या पिरेअस बंदरातून मोठ्या बोटीने पाच-सव्वापाच तास, मोठ्याच बोटीने, ती छोटी वेगवान बोट वारा सुटला की लागते. सायक्लेड्स या बेटांच्या समूहातलं सगळ्यात मोठं बेट, त्यामुळे तिथे शेती आहे, बटाटे, गुरं, चीज, म्हणजे गाव पर्यटकांशिवायही चालतं. बंदराच्या बाजूच्या टेकाडावर अपोलोच्या अर्धवट राहिलेल्या देवळाची चौकट उभी आहे, पोर्तारा, नुसती चौकट, अडीच हजार वर्षं. सूर्यास्त तिच्यातून बघा की! तिथेही गर्दी असते, नाही असं नाही, पण मोकळं माळरान आहे, कुणाचं घर अडत नाही. पिशव्या घेतलेल्या कुणा आजीला तिथे उभं राहावं लागत नाही. माझ्यासाठी तो मुद्दा मोठा आहे, तुम्हाला छोटा वाटत असेल तर वाटू दे.

सेंट जॉर्ज बीच गावातून चालत जाण्यासारखा आहे, पाणी बरंच आतपर्यंत उथळ, आई गुडघाभर पाण्यात उभी राहील आणि तिला आवडेल. डोंगरात बसने आपिरांथोस नावाचं गाव, संगमरवराच्या गल्ल्या. भाच्यांना आपोलोनासला न्यायचं, खाणीतच सोडून दिलेला, अर्धवट कोरलेला दहा मीटरचा पुतळा आडवा पडलाय.

आणि जेवण, कारण टूरवाल्यांनी "डेली इंडियन डिनर" ठळक अक्षरात लिहिलंय आणि आई त्यावरच विरघळली. अगं आई, ग्रीक लोकांचे पण उपास असतात, ईस्टरच्या आधी चाळीसेक दिवस, शिवाय एरवीही बुधवार-शुक्रवार, त्यात मांस, दूध, अंडं चालत नाही. त्यामुळे त्यांच्या साध्या खानावळीत शाकाहारी पदार्थ मुळातच असतात. फावा म्हणजे अगदी आपलं घट्ट वरण, वर कांदा आणि ऑलिव्ह तेल. टोमॅटोच्या रश्श्यात भाजलेले मोठे पांढरे घेवडे. उकडलेली पालेभाजी लिंबू पिळून. भात भरलेले टोमॅटो, तेवढं खिमा नाही ना ते विचारून घ्यायचं. चार घास ते खा आणि मग मला सांग इंडियन डिनर हवंय का.

कुणी म्हणेल हनिमूनवाल्यांनी जाऊ नये का सँटोरिनीला. जावं. ऑक्टोबरच्या शेवटी जावं, दोन-तीन रात्री राहावं, अक्रोतिरी बघावं, इयाला सकाळी लवकर जावं, वाटेत कुणी पिशव्या घेऊन आलं तर बाजूला व्हावं. माझं भांडण बेटाशी नाहीच. माझं भांडण त्या पोलशी आहे, ज्याच्यात एकच पर्याय होता आणि खाली "सुचवा" म्हणून लिहायला जागा नव्हती.

आत्ता मी माझा प्लॅन ग्रुपवर टाकलाय. अथेन्स, नाफ्प्लिओ, नाक्सोस, परत अथेन्स. दादाने बघितलाय, दोन निळ्या टिका दिसतायत, उत्तर नाही. बाबांनी बघितला आणि लगेच विचारलं, "मायसीनीला सिंहद्वाराच्या आत वरपर्यंत जाता येतं का गं?" त्यांनी प्रश्न विचारला! दुपारपासून पहिल्यांदा.

तर मंडळी, कुणी वयस्कर माणसांना घेऊन मायसीनीला गेलं असेल तर सांगा, दारापासून वरचा चढ कितपत आहे, आणि गडाच्या खालच्या जुन्या थडग्यापाशी आईला सावलीत बसायला जागा आहे का. नाफ्प्लिओत जुन्या गावाच्या कडेला लिफ्टवालं राहायचं ठिकाण माहीत असेल तर तेही. आणि दादा, हे वाचत असशील तर फोन कर, मी जागी आहे.