रंगाचा पंचनामा

माझ्या जीपचा रंग नेमका कोणता, हे ठरवण्यासाठी गेल्या मंगळवारी आरटीओच्या पासिंगच्या मैदानात, भर उन्हात, जी पंचायत बसली तिचा निकाल मला अजूनही मान्य नाही. तो माझ्या विरोधात गेला एवढ्यावरून मी हे म्हणत नाही. माझ्या बाजूने म्हणून जो पुरावा सादर झाला, तोच पुढे गुन्हा ठरला, याचा मला राग आहे.

गाडी महिंद्राची सीजे-३बी, कधीकाळी लष्कराच्या लिलावातून बाहेर पडलेली आणि हातोहाती फिरत माझ्यापर्यंत आलेली. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांनी आणि त्यानंतर दर पाच वर्षांनी नव्याने करून घ्यावी लागते, त्यासाठी गाडी तपासणीला न्यावी लागते, तशी मी नेली होती. ब्रेक लागले, दिवे लागले, हॉर्न तर गरजेपेक्षा जास्त वाजला. चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिलने काढलेला छापही आरसीशी जुळला. मग तपासणीला आलेल्या मॅडम दोन पावले मागे सरकल्या आणि त्यांनी विचारले, “हा ऑलिव्ह ग्रीन आहे ना?”

संरक्षण खात्याची वाहने सोडून इतर कोणत्याही वाहनाला ऑलिव्ह ग्रीन रंग देता येत नाही, असे १९८९ चे केंद्रीय मोटार वाहन नियम सांगतात. जुन्या लष्करी गाड्यांचा नाद असलेल्या प्रत्येकाला हे पाठ असते, कारण लिलावात गाडी घेतली की पहिला खर्च ती रंगवण्याचाच येतो. म्हणूनच मी पेंटवाल्याच्या दुकानात स्टूल टाकून बसलो होतो आणि थेंबाथेंबाने पिवळा वाढवत, ऑलिव्हच्या दारापर्यंत जाईल पण उंबरा ओलांडणार नाही, असा हिरवा बनवून घेतला होता.

“नाही मॅडम, ऑलिव्ह नाही.”

“मग कोणता?”

या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे नव्हते. दुकानदाराने डब्यावर फक्त माझे आडनाव लिहिले होते, आणि रंगाच्या रकान्यात आडनाव लिहिण्याची सोय शासनाने अद्याप केलेली नाही.

तेवढ्यात नातवाच्या लायसनसाठी आलेले एक गृहस्थ आपली रांग सोडून आमच्यात आले. पांढऱ्या मिशा, कडक इस्त्रीचा सदरा, काखेत कागदपत्रांची प्लास्टिकची पिशवी. “ईएमईत, म्हणजे फौजेच्या गाड्या-यंत्रे दुरुस्त करणाऱ्या विभागात होतो. सुभेदार म्हणून रिटायर झालो,” त्यांनी मॅडमना सांगितले, “रंगाचं मला विचारा. आयुष्य त्यातच गेलंय.” मॅडमना जबाबदारी घेणारा कोणीतरी हवाच होता. त्यांनी पेन बंद केले.

सुभेदारसाहेबांनी पहिली फेरी हात मागे बांधून मारली. दुसऱ्या फेरीत मडगार्डवर बोटाने टकटक केली आणि मॅडमना ऐकू जाईल अशा आवाजात, “लांबी (पुट्टी) बरीच भरलीय,” असे जाहीर केले. वास्तविक प्रश्न रंगाचा होता, पत्र्याचा नव्हता. मग त्यांनी रुमाल ओला करून बॉनेटवर घासला, रुमालाचा वास घेतला आणि शेड सावलीतच ओळखता येते म्हणून गाडी लिंबाखाली घ्यायला लावली. ती चालू करून नेण्यास मात्र त्यांचा सक्त विरोध होता. “धूर झाला की रंग खोटा दिसतो,” असे त्यांचे म्हणणे पडले. त्यामुळे मी, एक एजंट आणि ज्याला लायसन अजून मिळायचे होते तो नातू, अशा तिघांनी ती सावलीपर्यंत ढकलली. जीपचे वजन टनाच्या आसपास असते, आणि ती ढकलणाऱ्याला हे कोणत्याही पुस्तकात वाचावे लागत नाही. सावलीत पाहून झाल्यावर त्यांनी ती पुन्हा उन्हात आणायला सांगितली.

“मॅडम, मिलिटरीचा रंग चमकत नाही,” शेवटी ते म्हणाले. “चमकला की वरून विमानाला दिसतो. हा चमकतोय. हे साहेब ही गाडी घेऊन लढाईला गेले, तर पहिल्याच दिवशी मरतील.”

हा माझ्या बाजूचा जबाब होता.

मी आभार मानणार, तोच त्यांची गाडी जोंगाकडे, फौजेच्या त्या जुन्या जीपवजा मोटारीकडे, वळली. त्यांच्या मते माझी जीप म्हणजे बाजारात भाजी आणायचे वाहन, खरी गाडी म्हणजे जोंगा. निस्सानच्या पॅट्रोल या गाडीचा आराखडा घेऊन जबलपूरच्या वाहन कारखान्यात १९६९ पासून तीस वर्षे ती बनत होती, सहा सिलिंडरचे इंजिन, चढावर दम लागत नसे. आणि निस्सानच्या त्या गाडीचे नाव ‘पॅट्रोल’, म्हणजे गस्त, असले तरी जोंगा पेट्रोलही तितक्याच इमानाने पीत असे, ही माहिती त्यांनी लपवली नाही. मॅडमनी घड्याळाकडे पाहिले. रांगेतल्या टेम्पोवाल्याने हॉर्न दिला. सुभेदारसाहेबांनी त्याच्याकडे असे पाहिले, की त्याने इंजिनही बंद केले.

“नुसतं तोंडी नको, दाखवतोच,” असे म्हणत त्यांनी खिशातून किल्ली काढली आणि मी “अहो, अहो” करेपर्यंत मागच्या दिव्याशेजारचा पत्रा अंगठ्याच्या नखाएवढा खरवडला. माझा हिरवा निघाला. त्याखाली करडा निघाला. त्याखाली पांढरा, आणि अगदी तळाला एक मळकट, मातकट, कशालाही न शोभणारा हिरवा.

तो पांढरा थर मला ठाऊक नव्हता. लष्करातून सुटल्यावर ही कुठल्यातरी सरकारी कचेरीत राबली असावी. माझ्या लहानपणी तालुक्यात जीप म्हणजे बीडीओंची जीप. ती वेशीवर दिसली की शाळेचे मास्तर फळ्यावर तारीख बदलत. दुसरी यायची ती लाल त्रिकोणाची, कुटुंब नियोजनाची. तिसरी निवडणुकीची, भोंग्याची, जिच्यामागे आम्ही पत्रकांसाठी धावत असू. चौथी वडापची, म्हणजे भाड्याने माणसे कोंबून नेणारी, जिच्यात चालक सोडून सर्वांना बसायला जागा मिळे. तो बिचारा दाराबाहेर लोंबकळत स्टिअरिंग फिरवायचा. महायुद्धात विलीज आणि फोर्ड यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीप बनवल्या आणि १९४७ पासून मुंबईत महिंद्रांनी त्या जोडायला घेतल्या, पण आमच्या गावाला जीप सैनिकांनी नव्हे, कारकुनांनी दाखवली. सीजे-३बीच्या उंच बॉनेटचे कारणही मला गाडी घेतल्यावरच कळले. इनटेकचे, म्हणजे हवा-इंधन आत घेणारे, व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूचे उचलून डोक्यावर नेले, इंजिन उंच झाले, म्हणून बॉनेट वर घ्यावे लागले. अमेरिकेने हे मॉडेल १९६८ साली बंद केले. आपण ते पुढे कित्येक वर्षे आनंदाने बनवत राहिलो.

अर्थात विकणाऱ्यांना कारकून चालत नाहीत. जाहिरातीतली प्रत्येक जीप युद्धावरून परतलेली असते. १९६५ साली खेमकरणच्या आघाडीवर अब्दुल हमीद यांनी जीपवरच्या १०६ मिलिमीटरच्या तोफेने रणगाडे फोडले आणि मरणोत्तर परमवीर चक्र मिळवले. त्या पराक्रमाच्या जोरावर, ज्यांनी सीमा कधी पाहिलीही नसेल अशा किती जीप आजवर खपल्या असतील, याचा विचार करवत नाही. मलाही एकाने “साहेब, हिच्या पत्र्याला गोळी लागलीय,” असे सांगून एक भोक दाखवले होते. ते एरियलचे होते.

तर सुभेदारसाहेबांनी त्या खरवडलेल्या जागेवर बोट ठेवले. “बघा मॅडम. हा खरा ऑलिव्ह. ह्याच्यात आणि वरच्यात काही संबंध आहे का?” एजंटने मान डोलावली. टेम्पोवालाही उतरून आला आणि त्याने मान डोलावली. मॅडम वाकल्या, त्यांनी नीट निरखून पाहिले आणि पेन उघडले.

“म्हणजे गाडीवर ऑलिव्ह ग्रीन आहे.”

“मॅडम, तो तळाचा आहे,” मी म्हणालो. “लष्कराने दिलेला.”

“पण आता वर दिसतोय ना?”

“दिसतोय तर,” सुभेदारसाहेब म्हणाले. माणूस खोटे बोलणाऱ्यांतला नव्हता.

शेरा पडला: रंग बदलून पुन्हा सादर करणे. त्या शेऱ्याचा अर्थ मी खिडकीवर, मग आतल्या टेबलावर, मग पुन्हा खिडकीवर विचारला. नखाएवढा रंग बदलायचा की सगळी गाडी, याचे उत्तर प्रत्येक ठिकाणी “सायबांना विचारा” असे होते आणि साहेब रजेवर होते. २०२१ साली विंटेज वाहनांसाठी वेगळे नियम आले आहेत, तिकडे दाद मागावी म्हटले, तर पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे पूर्ण हवीत, आणि माझ्या जीपची नागरी नोंदणी उशिराची. फौजेतली नोकरी वयात धरत नाहीत, असे मला सांगण्यात आले. शिवाय त्या नोंदणीला वीस हजार रुपये भरायचे आणि गाडी फक्त प्रदर्शनाला, रॅलीला, नाहीतर पेट्रोल भरायला किंवा दुरुस्तीला बाहेर काढायची. चेसिस, बॉडी, इंजिन यांना हात लावलेला नको, गाडी मूळ स्वरूपात हवी, अशीही अट आहे. मूळ स्वरूप तर माझ्या जीपने मागच्या दिव्याशेजारी दाखवले होते, आणि ते दाखवले म्हणूनच ती नापास झाली होती! दुसरीकडे हिरव्याच्या अवतीभवती घुटमळणाऱ्या रंगांच्या नव्या कोऱ्या गाड्या शोरूममधून हार घालून निघतात. त्यांना सावलीत ढकलायला कोणी लावत नाही. पेंटरने पुन्हा सगळे उतरवून रंगवण्याचा जो आकडा सांगितला, तो मी घरात अजून कोणाला सांगितलेला नाही.

मैदानातून बाहेर पडताना सुभेदारसाहेब फाटकापाशी थांबलेले दिसले. नातू टेस्ट पास झाला होता. “साहेब, द्यायची असेल तर सांगा,” ते म्हणाले, “पोराला हात साफ करायला बरी आहे.” किंमत त्यांनी फारच पाडून सांगितली. इतकी कमी का, असे मी विचारले.

“मागं रंग उडालाय ना,” ते म्हणाले.