प्राचार्यांसाठी तटस्थतेचा सोपा पाठ

नवनियुक्त प्राचार्य महोदय, ‘राज्यपालांचे घटनात्मक अधिकार’ या विषयावरील माझे व्याख्यान आपल्याच एका समव्यवसायींनी आदल्या संध्याकाळी ‘विषय राजकीय आहे’ एवढा शेरा मारून रद्द केले. त्यांच्या या दक्षतेतून मला जे शिकायला मिळाले, ते आपल्या उपयोगासाठी सादर करीत आहे.

राजकीय कशाला म्हणायचे, हे ठरवण्याचा अधिकार सर्वप्रथम स्वतःकडे घ्यावा. विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर 2023 मध्ये पंतप्रधानांची छबी असलेले सेल्फी पॉइंट उभारायला सांगितले, ते राजकीय नव्हे. आमदारसाहेबांच्या वाढदिवसाचे रक्तदान शिबिर आणि त्यासाठी प्रवेशद्वारावर चढलेला फ्लेक्स हेही राजकीय नव्हे, कारण रक्ताला पक्ष नसतो. मात्र राज्यपालांनी मंत्रिमंडळाचा सल्ला कधी घ्यायचा हे सांगणारे राज्यघटनेचे कलम 163, ज्यावर आपलीच मुले परीक्षेत उत्तरे लिहितात, ते कोणी माइकसमोर उभे राहून समजावू लागला, की त्याच क्षणी महाविद्यालयात राजकारण शिरते.

तक्रारअर्ज आल्यास तो वाचण्यात वेळ दवडू नये. मुंबई विद्यापीठाने 2010 मध्ये अभ्यासक्रमातील एक कादंबरी अशाच तत्परतेने वगळली होती.

तासिका तत्त्वावरील प्राध्यापक भरपूर नेमावेत. पुढच्या सत्राची नेमणूक ज्याला आपल्याकडून मिळवायची आहे, तो आपोआप तटस्थ होतो.

नाटके टाळावीत. फेब्रुवारी 2024 मध्ये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात विद्यार्थ्यांचा प्रयोग बंद पाडण्यात आला, आणि अटक विभागप्रमुखांना व विद्यार्थ्यांना झाली.

आता स्पष्टच बोलतो. तटस्थ राहायचे ते संस्थेने, शिक्षकाने नव्हे. शिकागो विद्यापीठाच्या कॅल्व्हेन समितीने 1967 मध्येच म्हटले होते, की विद्यापीठाने सामूहिक राजकीय भूमिका घेऊ नये, ते एवढ्यासाठी की आतल्या शिक्षकांना आणि विद्यार्थ्यांना आपापली भूमिका मोकळेपणाने घेता यावी. तुम्ही मंडळी नेमके उलटे करता: फ्लेक्स लावून संस्थेच्या नावाने बाजू घेता आणि माणसांची तोंडे बंद करायला तटस्थता पुढे करता. अनुदान, चौकशी, संस्थाचालकांचा फोन, हे सगळे मलाही ठाऊक आहे. भीती वाटत असेल तर तसे लिहून पाठवा, मी मुकाट्याने घरी बसेन. पण आपल्या भित्रेपणाला तत्त्व म्हणू नका. आणि ज्या मुलांनी कार्यक्रमाची भित्तिपत्रके रंगवली, त्यांना केबिनमध्ये बोलावून दम देण्याचे तर काहीएक कारण नव्हते.