बरडाला पडीक म्हणू नका

पावसाळा लागला की ‘पडीक जमिनीवर वृक्षलागवड’ असे फोटो व्हॉट्सॲपवर फिरू लागतात. जागा नीट पाहिली तर बहुतेक वेळा ते बरड असतं. मला याचा मनापासून राग येतो.

पडीक म्हणजे कसायचं सोडलेलं वावर. बरडाला तर नांगर कधी लागलाच नाही. उंचावरची मुरमाड जागा, वीतभर माती, खाली खडक. तिथं गवतच चांगलं येतं, म्हणून जुन्या लोकांनी ते ढोरांसाठी राखलं. आजही आखरावरून, म्हणजे गावची ढोरं जमायच्या जागेवरून, निघालेली ढोरं ढोरकी तिकडंच नेतो. कागदावर ते आपल्याकडं वऱ्हाडात ई-क्लास, बाकी महाराष्ट्रात गायरान. पण सरकारच्या पडीक जमिनींच्या नकाशात खुरट्या झुडपांची रानं सरसकट पडीक धरली गेली. एकदा हा शिक्का बसला की जागा दुसऱ्या कामाला देणं सोपं होतं.

दिवाळीनंतर बरडावरून चालून या. पँटीला चिकटलेलं एक कुसळ काढून ओलं करा आणि तळहातावर ठेवा. ते स्वतःभोवती फिरू लागतं. याच पिळानं कुसळी गवताचं बी मुरमात शिरतं. पेरायला कोणी लागत नाही.

वाशीम-अकोल्याकडच्या अशा गवतात पावसाळ्यात तणमोर येतो. नर मादीसाठी गवताच्या वर उंच उड्या मारतो. 2021 पासून हा पक्षी अतिसंकटग्रस्त यादीत आहे. कारंजा-सोहोळचं काळवीट अभयारण्यही गवताळ रानच आहे. खोकड, लांडगा, चंडोल हे सगळे उघड्यावरचे जीव. तिथं दाट झाडी लावली की सावलीनं गवत मरतं, मग ढोरं उपाशी आणि हे जीव बेघर.

झाडं लावाच, माझा विरोध झाडांना नाही. पांधनीच्या कडेला लावा, धुऱ्यावर लावा, नाल्याकाठी लावा, शाळेत लावा. आणि बरड वाचवायचं तर आधी त्यावरची अतिक्रमणं हटवा; गावाच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं काढा, असं सर्वोच्च न्यायालयानं 2011 मध्येच सगळ्या राज्यांना बजावलंय.

ग्रामसभेत ई-क्लासचा ठराव आला आणि त्यात ‘पडीक’ लिहिलेलं दिसलं, तर तिथंच उठून हरकत घ्या. ‘चराईचं गवताळ बरड’ असं लिहून घ्या. आणि गावच्या ढोरक्याला विचारल्याशिवाय एकही खड्डा खोदू देऊ नका.