मिस्टर, किल्ली उपलब्ध नाही

काल रात्रीपासून मी सासऱ्यांशी कामापुरतंच बोलतोय.

अप्पांना जुने फोटो हवे होते, ते माझ्या एन्क्रिप्टेड, म्हणजे कुलूपबंद डिस्कवर. टर्मिनल (कमांड टाइप करायची खिडकी) उघडून रूट, म्हणजे सर्वाधिकारी झालो, तेवढ्यात म्हणाले, "जावईबापू, आधी माझा चार ओळींचा निरोप मराठीत टाइप करून द्या." दिला. परत येऊन वरचा बाण दाबला, डिस्कचं कुलूप उघडणारी 'क्रिप्टसेटअप ओपन'ची जुनी कमांड उकरून काढली, एंटर मारलं आणि पासफ्रेज, म्हणजे लांबलचक पासवर्ड टाइप केला.

"काही उमटत नाहीये."

"उमटत नसतंच. सुरक्षेसाठी."

"बाकी ठिकाणी निदान चांदण्या येतात."

"चांदण्या मोजल्या की लांबी कळते, अप्पा."

"इथे तुम्हालाही कळत नाहीये."

मग दोन सेकंद शांतता. ती आर्गॉनटूआयडीची, म्हणजे पासफ्रेजवरून किल्ली बनवणाऱ्या अल्गोरिदमची. चोराला भराभर पासफ्रेज लावून बघता येऊ नयेत म्हणून तो मुद्दाम वेळ आणि मेमरी खातो. चोर आला नव्हता, सासरे आले होते. 'नो की अव्हेलेबल विथ धिस पासफ्रेज.'

"किल्ली उपलब्ध नाही," अप्पांनी भाषांतर केलं. "किती किल्ल्या चालतात हिला?"

"लक्स टूमध्ये, म्हणजे या प्रकारच्या कुलपात, 32 पर्यंत."

"अख्खी बत्तिशी, आणि तुमच्याकडे दात एक!"

तीनदा चुकलं की प्रोग्राम बाहेर काढतो. दोनदा निघालो. हा प्रोग्राम लिहिणाऱ्या लोकांचा मला खरंच राग आहे. डिस्क पुसायला 'लक्सफॉरमॅट' द्या, लगेच 'खात्री आहे का? कॅपिटलमध्ये येस लिहा' अशी काळजी. आपलीच डिस्क उघडताना मात्र काय चुकतंय याचा अवाक्षर उल्लेख नाही. हेडर, म्हणजे डिस्कवरचा किल्ल्यांची माहिती ठेवणारा भाग, खराब झाला असेल का? त्याचा बॅकअप घ्यायचा असतो. मी घेतला नव्हता. घाम फुटला.

"जावईबापू, वर कोपऱ्यात इंग्रजीत एमआर आहे. ते मिस्टर तुम्हालाच म्हणतंय ना?"

एमआर म्हणजे मराठी. निरोपानंतर कीबोर्ड बदललाच नव्हता! सहा वेळा मी इंग्रजी पासफ्रेज देवनागरीत बडवत होतो, आंधळेपणाने. बदलला, टाइप केला, उघडली.

"फोटो कुठायत?"

"अजून माउंट करायचंय. फोल्डरला जोडायचंय."

"म्हणजे उघडून बंदच!"

रात्री अप्पांना फोनवर सासूबाईंना सांगताना ऐकलं, "नाही गं, पासवर्ड येत होता त्यांना. मराठीत."

निरोप कुणाला हवा होता, ते नाही सांगितलं.