फक्त हे अकरा जरा ब्राइट करा

दुपारी जेवायला बसलो होतो. ताटात गरम डाळभाजी, पहिला घास तोंडात, आणि मेल आली. परवा परसोडीकडच्या एका ऑफिसात दिवसभर हेडशॉट, म्हणजे वेबसाइटसाठी एकेकाच्या चेहऱ्याचे फोटो, काढले होते. ६४ माणसं. काल रात्री दोनपर्यंत जागून सगळे फोटो पाठवले, त्याचं उत्तर. "खूप छान आलेत दादा, थँक यू! फक्त हे अकरा जरा ब्राइट करून द्या ना प्लीज." खाली नंबर. ४, ९, १३, २२, २८, ३१, ३७, ४५, ५०, ५८, ६४.

मला वाटलं एक्सपोजर हुकलं, म्हणजे फोटोत उजेडच कमी पडला. उष्ट्या हातानंच लॅपटॉप उघडला. ४ बघितला, बरोबर. ९ बघितला, एकदम बरोबर. १३ पण ठीक. चौथा उघडला तेव्हा माझी ट्यूब पेटली. एक्सपोजर गेलं चुलीत, माणसं सावळी आहेत राजेहो! चौसष्टातून सावळी तेवढी वेचून काढली, तांदळातले खडे काढावे तशी.

डाळभाजी निवून गेली. बायको म्हणे आधी जेवून घ्या, मग भांडा. मी हात धुऊन इथं लिहायला येऊन बसलो.

मला मेल पाठवणाऱ्या त्या एचआरच्या पोरीचा राग आला आहे, हे आधीच सांगून टाकतो. वय असेल पंचवीस-सव्वीस. शिकलेली. ऑफिसच्या भिंतीवर 'आम्ही सगळे एक' छाप पोस्टर लावलेलं, इंग्रजीत. आणि फोटो आले की पहिली नजर कुठं, तर कातडीवर. तुम्हाला हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही, माझ्या मित्रयादीतली माणसं तशी नाहीत. तरी लिहून राहिलो, कारण मला ती चंद्रपूरकडची ताई आठवली.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. वर्धा रोडवरच्या एका हॉटेलात डॉक्टर अन् लॅबवाल्या मंडळींची कॉन्फरन्स होती. एका स्पॉन्सरनं स्टॉल घेतला होता, 'फ्री हेडशॉट'. चहाच्या काउंटरला लागून माझा संसार. करड्या कागदाचा रोल, एक मोठा ऑक्टाबॉक्स (लाइट मऊ करणारी आठकोनी छत्री), बाजूला उजेड परतवायला थर्माकोलची शीट, ८५ची लेन्स, आणि कॅमेऱ्यातून वायर थेट लॅपटॉपला, म्हणजे बसणाऱ्याला आपला फोटो तिथंच दिसतो आणि त्यातला एक तो स्वतः निवडतो. माणशी तीन मिनिटं. त्यात गळ्यातला बिल्ला काढायला लावायचा, खिशातला मोबाईल अन् पेन बाहेर, खांदा तिरपा, हनुवटी पुढे घेऊन जरा खाली. पहिल्या मिनिटात सगळे आधारकार्डावरच्यासारखे दिसतात. दुसऱ्या मिनिटाला 'पोहे खाल्ले का सकाळी?' असं काहीतरी विचारलं की चेहरा सुटतो.

तर ही ताई. पन्नाशीच्या, कुठल्याशा सरकारी दवाखान्याच्या लॅबमधल्या. रांगेत उभ्या राहायच्या, पुढं एक माणूस उरला की चहा घ्यायला निघून जायच्या. असं चार वेळा. मी मोजलं, कारण चौथ्यांदा त्यांच्या हातात आधीचा भरलेला कप होताच. संध्याकाळी स्टँड आवरायला घेतले, तर त्या तिथंच खुर्चीवर बसलेल्या. मी म्हटलं, या ताई, शेवटचा तुमचा.

"माझा राहू द्या भाऊ. माझा फोटो येत नाही."

"येत नाही म्हंजे?"

"काळाच येते. दात न् डोळे दिसते फक्त."

आता इथं जरा धंद्याचं सांगतो. ज्यांना कंटाळा येईल त्यांनी पुढचे दोन परिच्छेद सोडा. कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरला माणूस कळत नाही. समोर जे आहे ते सरासरी करड्या रंगाचं आहे असं धरून तो चालतो. ऑफिसात फोटो कुठं काढतात? पांढऱ्या भिंतीसमोर. भिंत पांढरी, शर्ट पांढरा, वर छतातल्या ट्यूबलाइट. मीटर म्हणतो, बापरे, फार उजेड झाला, आणि सगळंच खाली ओढतो. गोरा माणूस त्यात तगून जातो. सावळा बुडतो. मग दुसऱ्या दिवशी कोणीतरी कॉम्प्युटरवर ब्राइटनेसची कळ फिरवतो, चेहरा राखाडी होतो, आणि सगळे म्हणतात, काय करणार, रंगच तसा आहे.

रंग कशाला मधात आणता? गोऱ्या चेहऱ्याला आकार येतो सावलीनं, आणि सावळ्या चेहऱ्याला चमकेनं. गालाच्या हाडावर, कपाळावर, नाकाच्या कडेला जी ओली चमक असते ना, तिनं चेहरा उभा राहतो. ती आणायला मोठा लाइट जवळ लागतो, आणि समोरून नाही, बाजूनं. आपले लोक काय करतात, आधी पावडर थापून ती चमक मारतात आणि मग समोरून फ्लॅश मारतात. झाला सपाट चेहरा. त्यावर स्किन स्मूथ. मग राहिलं काय?

मी ऑक्टा ओढला त्यांच्यापासून साडेतीन फुटांवर, दुसऱ्या अंगाला थर्माकोल. पाच-सहा फोटो झाले. लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. ताई बघत राहिल्या. पदराचं टोक हातात धरून, वाकून, अगदी जवळून. चष्मा काढला, परत लावला. मग मला विचारते, "याले काय केलं तुम्ही?"

"काही नाही ताई. लाइट बाजूनं घेतला."

"मंग आतापर्यंतच्यायनं काय केलं होतं?"

मी स्टँड घडी करत होतो. घडी करतच राहिलो.

कारण आतापर्यंतच्यांमध्ये मी पण आहे. पंधरा वर्षं लग्नाचे फोटो काढले मी. इथले निम्मे मित्र त्याच लाइनीतले आहेत, खोटं बोललो तर उद्या कस्तुरचंद पार्कला तर्री-पोह्यावर गाठून माझी इज्जत काढतील. माझ्या जुन्या कॉम्प्युटरवर एक फाइल होती, नाव 'नवरी १'. दुसरी होती 'नवरी २'. एक क्लिक, नवरी दोन घर उजळ. 'नवरी २' म्हणजे चार घर. आत्याबाई यायच्या, अल्बमवर बोट ठेवून म्हणायच्या, जरा उजळ करा ना भाऊ हिला. मी करायचो. पैसे द्यायचे ते. एकदा एका नवरीचा भाऊ अल्बम घेऊन परत आला. वरमालेचा फोटो. तोंड पीचच्या रंगाचं आणि माला धरलेले हात तिचे खरे, कारण घाईत मी हात करायचे विसरलो होतो. तो म्हणे, "भाऊ, हात कोणाचे आहेत?" आम्ही दोघंही हसलो होतो तेव्हा. हसण्यासारखं काय होतं त्यात, आज सांगता येत नाही.

आणि हे आपल्या गावचंच खूळ नाही. फिल्मच्या काळात रंगीत प्रिंटचा रंग जुळवायला लॅबला कोडॅकचं कार्ड यायचं, त्यावर एका गोऱ्या बाईचा फोटो. शर्ली कार्ड म्हणायचे त्याला. तिची कातडी बरोबर छापली की मशीन बरोबर. बाकीच्यांनी आपापलं बघावं. पुढे फिल्ममध्ये गडद तपकिरी छटा नीट यायला लागल्या त्या कोणामुळे, तर फर्निचरवाल्यांनी आणि चॉकलेटवाल्यांनी तक्रारी केल्या म्हणून. लाकडाचा पॉलिश दिसत नाही, डार्क चॉकलेट अन् मिल्क चॉकलेट सारखंच दिसते! कपाटाची तक्रार ऐकली त्यांनी, माणसाची नाही. इकडे आपली फेअर अँड लव्हली १९७५ची, २०२० मध्ये 'फेअर'चं 'ग्लो' झालं. तसंच हे 'ब्राइट'. गोरं करा म्हणायला लाज वाटते, म्हणून ब्राइट.

होय, मला माहीत आहे काय म्हणाल. वेबसाइटवर सगळे सारखे दिसायला पाहिजेत. कबूल. बॅकग्राउंड सारखी ठेवा, क्रॉप सारखा ठेवा, डोळे एका रेषेत ठेवा, ते काम मी करून देतो आणि चांगलं करून देतो. कातडी सारखी कशाला पाहिजे?

टचअप मी पण करतो, हेही कबूल. माझा हिशेब सोपा आहे. पंधरा दिवसांत जाणारी गोष्ट मी काढतो, जन्माची असेल ती ठेवतो. पुटकुळी काढतो, तीळ ठेवतो. रात्रभर जागरणाची सूज थोडी कमी करतो, सुरकुती ठेवतो. रंग कोणत्या यादीत येतो ते तुम्हीच सांगा.

आणि आता ते नवीन एआय. पोट्टे चार सेल्फी टाकतात, कोट-टाय चढवून हेडशॉट हातात. माझ्या पुतण्यानं काढला, मला दाखवला. मी विचारलं, हा कोण बे? ज्याच्या खिशात पैसे नाहीत, ज्याला उद्या अर्ज टाकायचा आहे, त्यानं करू नये असं मी म्हणणार नाही. पण पुतण्या आमच्या घराण्यात नसलेल्या रंगाचा होऊन आला होता, ते पण न सांगता. कोणी मागितलंच नव्हतं ब्राइट.

ऑफिसवाल्यांनो, तुम्ही माणूस इंटरव्ह्यूला बोलावता, कामावर घेता, त्याच्याकडून रात्री नऊपर्यंत काम करून घेता, तेव्हा चालतो ना त्याचा रंग?

थांबा. चहा घेऊन येतो. फार चढला आवाज.

आलो.

चहा पिता पिता अकराही नंबर नीट उघडून बघितले. मघाशी चारच बघून बोंबलायला लागलो होतो. १३ म्हणजे तो पोरगा, ज्यानं शेजारच्याचा टाय मागून बांधला होता, गाठ अजून तिरपी आहे, छान आहे. ४५ हाउसकीपिंगच्या सुपरवायझर बाई. त्यांना रांगेत घेतलंच नव्हतं, मी म्हटलं यांचाही काढू, तेव्हा एचआरच्या पोरीनंच त्यांना हाताला धरून आणलं होतं. हे मघाशी लिहायला विसरलो. त्या दिवसातला सगळ्यात चांगला हसरा फोटो त्यांचा आहे.

आणि मग ६४.

६४ ती स्वतः आहे. एचआरची पोरगी.

ती सावळी आहे हे मला आठवतच नव्हतं. दिवसभर माझ्यासमोर होती. हातात एक डबा, त्यात कंगवा, सेफ्टी पिना, टिश्यू, कोणाची कॉलर नीट कर, कोणाच्या कपाळावरचा घाम टीप. बाहेर ४४ डिग्री, लोक पार्किंगमधून वितळत येऊन राहिले होते. शेवटी साडेपाचला मोठे साहेब आले, जाड काचांचा चष्मा. चष्म्यात लाइट चमकू नये म्हणून मी ऑक्टा वर चढवला, चांगला दोन फूट. साहेबांचं झालं. सहा वाजता हॉल खाली करून द्यायचा होता. ती म्हणाली, "माझा राहू द्या दादा, ६३ पण चालतील." मी म्हटलं ये गं, एका मिनिटात होते.

एका मिनिटातच झाला. लाइट खाली घेतलाच नाही मी. फोटोत डोळ्यांच्या खोबण्या काळ्या, हनुवटीखाली काळं, गालावर काही नाही. चेहरा आहे, पण त्यात ती नाही. आणि रात्री दोन वाजता मी तो तसाच पाठवून दिला, कारण ६४ झाले, संपलं, झोपायचं होतं.

म्हणजे एका नंबराचं तिचं म्हणणं बरोबर आहे. तो फोटो काळाच आलाय. तिच्या रंगामुळं नाही, माझ्यामुळं. बाकी दहाबद्दल मी एक पाऊल मागं येणार नाही. पण आधी तिनं कोणता नंबर लिहिला असेल याचा विचार करतोय. यादी ४ पासून सुरू होते. तिच्या मनात कुठून सुरू झाली असेल?

"माझा राहू द्या." तेच शब्द. चंद्रपूरच्या ताईंच्या वेळी ऐकू आले, कारण सामान आवरत होतो, वेळ होता. परवा ऐकू आले नाहीत.

वर तिच्याबद्दल जे लिहिलं ते खोडत नाही. राहू दे. रागात मी कसा दिसतो ते पण दिसू दे.

आत्ता मेल टाकली. लिहिलं, दहा फोटो आहेत तसेच राहतील, त्यात काही कमी नाही, वाटल्यास फोनवर बोलू, मी सांगतो का ते. ६४ परत काढायचा आहे, चूक माझी आहे, उद्या सकाळी लाइट घेऊन येतो, पैसे नाही.

लगेच उत्तर आलं. "कशाला दादा उगाच, चालेल तो."

मी काही लिहिलं नाही. पाच मिनिटांनी परत आली.

"साडेनऊ की दहा? केस धुवायचे आहेत."